तिसऱ्या कप्प्यातली कार्डे

मित्रांनो, एक पत्र माझ्या पोटात आले आणि सोळा महिने उत्तरावाचून राहिले. ते कुणी वाचलेच नव्हते असे नाही. वाचले, नीट घडी घातली आणि माझ्यात ठेवून दिले. उत्तर मात्र गेले नाही. पत्र माझ्या नावाचे नव्हते, तरी उत्तर न देणाऱ्यांत मी स्वतःला धरते. लोखंडाच्या एका कपाटाने असे म्हणावे की नाही, मला ठाऊक नाही. मला फारसे बोलता येत नाही आणि जे सांगायचे आहे ते नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म म्हैसूरच्या एका लहान वर्कशॉपात झाला. पत्रा कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसांची नावे मला आठवत नाहीत, त्यांचे हात आठवतात. मला दोन दारे, चार कप्पे आणि तिसऱ्या कप्प्यात एक लांबट, अरुंद खण दिला गेला. तो खास मागणीवरून बसवला होता, कारण मी बोगादीच्या एका शाळेच्या ग्रंथालयात जाणार होते. पुस्तकांची कार्डे त्या खणात राहणार होती.

शाळेत मी बावीस वर्षे काढली. त्या वर्षांविषयी फार बोलले की माझे मलाच संकोचल्यासारखे होते, कारण तेव्हा मी सुखात होते. पुस्तके पोटात राहिली की थोडेफार वाचता येऊ लागते. कन्नड आधी आले, मग इंग्रजी, आणि वरच्या कप्प्यातल्या दहा-बारा पुस्तकांमुळे मराठी. मुलगी पुस्तक मागायला आली की बाई खणातून त्याचे कार्ड काढत, त्यावर तिचे नाव लिहीत आणि पुस्तक तिच्या हातात देत. पुस्तक बाहेर जाई, घरी राही, कधी पावसात भिजून परत येई. खणातले कार्ड म्हणजे बाहेर जाण्याची परवानगी, असेच मी समजत आले.

पुढे ग्रंथालयाच्या जागी संगणक आले आणि मला विकून टाकले.

मला घेतले ते शाळेची दप्तरे शिवणाऱ्या एका कारखान्याने. कारखाना सरगूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. खाली शिवणाच्या मशिनी, मागे मुलींचे वसतिगृह आणि वर कार्यालय. दप्तरांवर नाव असे ते दुसऱ्याच एका मोठ्या कंपनीचे. तुमच्यापैकी कुणाच्या पाठीवर त्यांतले एखादे असेलही.

कार्यालयात फत्तेसिंगराव होते. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. ही गोष्ट ते वर्षातून एकदा, आयुधपूजेच्या दिवशी सांगत. त्या दिवशी माझ्या दारांना हळदकुंकू लागे, पुढे कोहळा फुटे, आणि ते म्हणत, "आमच्या घराण्यात तलवार होती. आता हे कपाट आहे." माझी किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असे. माझ्या बिजागऱ्यांना ते दर महिन्याला तेल घालत. मी कधी अडकले नाही, कधी कुरकुरले नाही. या गुणाचे ते येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ कौतुक करत आणि मला बरे वाटे.

कार्डांची सुरुवात चांगल्या मनानेच झाली होती. पहिल्या वर्षी एका मुलीचे आधार कार्ड वसतिगृहात हरवले. नवे मिळवण्यासाठी ती तीन महिने खेटे घालत राहिली. फत्तेसिंगरावांना वाईट वाटले. ते मालकांना म्हणाले, सगळ्यांची कार्डे इथे कपाटात ठेवूया, सुरक्षित राहतील. मालकांचे नाव विजयेंद्र. ते कन्नड बोलत, मी मराठीत सांगते.

"चांगली कल्पना आहे, राव," मालक म्हणाले. मग म्हणाले, "कार्ड इथे असलं की पोरीही जागेवर राहतात."

फत्तेसिंगरावांनी पहिले वाक्य ऐकले. दुसरे त्यांना ऐकू आले नसेल असे मला अनेक वर्षे वाटत होते. आता तसे वाटत नाही.

माझ्या लांबट खणात पुन्हा कार्डे आली. गावांप्रमाणे लावलेली, प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला आधी आनंदच झाला. जुने दिवस परतले असे वाटले. पण ही कार्डे बाहेर जात नसत. युगादीला आणि दसऱ्याला तेवढी सुट्टीच्या चिठ्ठीबरोबर हातात मिळत, आणि परतल्यावर आधी ती जमा करावी लागत, मग जेवण. चिठ्ठीशिवाय वॉचमन फाटक उघडत नसे.

पुढे सरकारने बायकांना बसप्रवास फुकट केला. सरगूरची बस आमच्या फाटकासमोरूनच जाते. कार्ड दाखवले की झाले. वसतिगृहातल्या मुली संध्याकाळी जाळीपाशी उभ्या राहून त्या बसकडे पाहत. वरच्या खिडकीतून त्या मला दिसत.

माझ्या दुसऱ्या कप्प्यात वेगळेच कागद होते. मोठी कंपनी दरवर्षी एक फॉर्म पाठवी. कारखान्यात कुणाला त्याच्या मनाविरुद्ध कामाला ठेवले आहे का? कामगारांची ओळखपत्रे कुणी ताब्यात ठेवतो का? फत्तेसिंगराव चष्मा पुसून, सुवाच्य अक्षरात लिहीत: नाही. ते खोटे बोलत नव्हते. ताब्यात ठेवणे ही त्यांच्या दृष्टीने वाईट माणसांची गोष्ट होती. ते तर सांभाळत होते. त्या 'नाही'च्या प्रती वरच्या कप्प्यात आणि मुलींची कार्डे खालच्या, मध्ये एक पत्रा. दोन्ही माझ्याच पोटात होते. मला वाचताही येत होते.

एका फेब्रुवारीत रम्या वर आली. ती तिसऱ्या लाइनवर दप्तरांचे खिसे शिवी. वीस वर्षांची, सरगूरपलीकडच्या जंगलाकाठच्या वाडीतली.

"सार, दोन दिवस कार्ड पाहिजे होतं."

"आत्ता? युगादीला महिना राहिला की गं. तेव्हा जा, पुरणाची होळिगे खाऊन ये."

"युगादीच्या आधीच जायला पाहिजे, सार."

"काय, लग्नबिग्न ठरलं काय?"

ती हसली नाही. "लिहून आणलंय," म्हणाली. तिने वहीचा कागद टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. फत्तेसिंगरावांनी तो वाचला आणि माझे दार उघडले, तेव्हा मीही वाचला. त्यात असे होते:

"सार, नमस्कार. माझी धाकटी बहीण यशस्विनी आठवीत आहे. युगादी झाली की तिला इथे कामाला आणायचे, असे एजंटाने अम्माला सांगितले आहे. कारखान्यात शाळापण आहे असे तो सांगतो. आमच्या वाडीत फोन त्याच्या भावाकडेच आहे, म्हणून फोनवर बोलता येत नाही. मला स्वतः जाऊन अम्माला सांगायचे आहे की पाठवू नको. दोन दिवस कार्ड द्या. मी पळून जाणार नाही. सोमवारी सकाळी मशिनीवर असेन. रम्या, लाइन तीन."

मालक त्या आठवड्यात बंगळूरला होते. ते आल्यावर विचारू, असे फत्तेसिंगराव स्वतःशी पुटपुटले. मालक आले, तेव्हा चिडलेले होते, आज नको. मग मोठी ऑर्डर आली. मुली सोडायच्या नाहीत असा हुकूम निघाला. पत्र 'विचाराधीन' असे लिहिलेल्या फाइलीत गेले. रम्या दोनदा दारापर्यंत आली. पहिल्यांदा ते म्हणाले, "बघतो." दुसऱ्यांदा त्यांनी मान वर केली नाही.

मित्रांनो, ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला सांगायला सोपे गेले असते.

युगादी होऊन गेली. एका सकाळी एजंट एका लहान मुलीला घेऊन वर आला. त्याने टेबलावर तिच्या कार्डाची झेरॉक्स ठेवली. मूळ कार्ड नव्हते. जन्मसालाचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होते. त्या हिशेबाने ती अठरा वर्षांची होत होती. मी बावीस वर्षे शाळेत राहिलेले आहे. आठवीतली मुलगी मला ओळखू येते.

"तुझं नाव काय?" फत्तेसिंगरावांनी विचारले.

"यशस्विनी." मग तिने विचारले, "शाळा कुठल्या बाजूला आहे, सार?"

एजंट हसला. फत्तेसिंगरावांनी रजिस्टरात 'मूळ प्रत नंतर' असे लिहिले आणि झेरॉक्स माझ्या खणात, सरगूरच्या जागी, रम्याच्या कार्डामागे लावली.

दारात रम्या उभी होती. कधी आली, कुणाला कळले नव्हते.

"रम्या, ते तुझं कार्ड..." फत्तेसिंगराव म्हणाले.

"आता नको, सार," ती म्हणाली आणि बहिणीचा हात धरून खाली गेली.

जूनमध्ये दोघींना कारखान्यातून हलवले. दप्तरांचे पट्टे मालकांचाच एक ठेकेदार हुणसूरपलीकडे तयार करून घेई. तिकडे हात कमी पडत होते. ती जागा मोठ्या कंपनीला पाठवलेल्या कुठल्याच यादीत नव्हती. मुली गेल्या. कार्डे माझ्याकडेच राहिली.

ऑगस्टमध्ये श्रीलक्ष्मी आली. दप्तरांवर जिचे नाव असते त्या मोठ्या कंपनीची ती नोकरदार. कंपनीसाठी जिथे जिथे शिवण चालते तिथे जाऊन, कुणाला अडकवून तर काम करून घेत नाहीत ना, हे पाहणे तिचे काम. वय तिशीचे असेल. म्हैसूरच्याच एका जुन्या मराठी शिक्षकाची मुलगी.

"तुम्ही मराठी अंते?" फत्तेसिंगरावांनी विचारले. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत असेच कन्नड मिसळून बोलतात.

"हौदु, काका. पण माझ्या मराठीला हसू नका. अज्जी गेल्यापासनं घरात सगळं कन्नडच."

"आमचं काय वेगळं आहे? माझा नातू मला 'तू' म्हणतो आणि कुत्र्याला 'तुम्ही'."

ती मोकळेपणाने हसली. तिने हजेरीपट पाहिले, आग विझवायची नळकांडी पाहिली, वसतिगृह पाहिले. मुली तिच्याशी जपून बोलल्या. ती निघायच्या बेतात होती. तेवढ्यात फत्तेसिंगराव म्हणाले, "मॅडम, आमचं खरं काम तर बघितलंच नाही तुम्ही." आणि त्यांनी करगोट्याची किल्ली काढली.

कुणी त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी आपण होऊन माझी दारे उघडली आणि खण पूर्ण बाहेर ओढला.

"बघा. कोटे, सरगूर, हुणसूर, मागे ओडिशा. अकरा वर्षांत एक कार्ड हरवलं नाही. एकाला वाळवी नाही."

श्रीलक्ष्मीने एक कार्ड उचलले. "ही मूळ कार्डं आहेत, काका?"

"मग? झेरॉक्स कोण एवढं सांभाळतो?"

"हिला आत्ता बाहेर जायचं असलं तर?"

"मला विचारायचं."

"तुम्ही नसलात तर?"

"दुसऱ्या दिवशी विचारायचं. सुम्ने, उगीच कोण जातं, बाई? सणाला आम्हीच देतो की."

"आणि तुम्ही नाही म्हटलं तर?"

"तर... राहते," फत्तेसिंगराव म्हणाले.

"काका, तुमचं आधार कार्ड कुठं आहे?"

त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथेच थांबला. तो हात मला अजून दिसतो. मग ते खाली बसले.

दुपारपर्यंत मालक धावत आले. कार्डे वाटायचे ठरले. मुली एकेक करून वर आल्या. काहींनी कार्ड ओढणीत गुंडाळले, काहींनी नुसतेच उलटसुलट करून पाहिले. एकीने फोटोवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "किती बारीक होते मी." शेवटी खणात एक कार्ड आणि एक झेरॉक्स उरली.

"त्या दोघी गावी गेल्या," मालक म्हणाले. "घरची अडचण होती."

"कार्ड न घेता?"

"विसरल्या असतील. पोरीच त्या."

श्रीलक्ष्मीने फत्तेसिंगरावांकडे पाहिले. "काका?"

"राव," मालक शांतपणे म्हणाले, "मॅडमना कॉफी सांगा."

फत्तेसिंगराव उठले. ते खाली जाणार, असे मला वाटले. इतकी वर्षे त्यांनी सांगितलेले केले होते. ते माझ्यापाशी आले, 'विचाराधीन' फाइल काढली आणि रम्याचे पत्र श्रीलक्ष्मीच्या हातात दिले. "हुणसूरपलीकडे आहेत," ते म्हणाले. "पट्ट्यांच्या शेडमध्ये. धाकटी तेरा वर्षांची आहे. मला माहीत होतं."

पुढचे मी पाहिलेले नाही, नंतरच्या बोलण्यातून जुळवले आहे. ती शेड म्हणजे तंबाखूची पाने सुकवायची जुनी भट्टी होती. आत नऊ मुली होत्या, आणि दाराला बाहेरून कडी. सरकारी अधिकारी श्रीलक्ष्मीबरोबर गेले तेव्हा यशस्विनीच्या उजव्या हाताच्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. पट्टा कापायच्या पात्याखाली बोटाचे पेर गेले होते, आणि त्याला तीन आठवडे झाले होते. दवाखान्यात कार्ड मागतील म्हणून कुणी तिला नेले नव्हते. रम्या आपले आणि बहिणीचे कपडे गोळा करत राहिली. जीपने दोघींना वाडीत पोचवले. त्यांची कागदपत्रे चौकशीसाठी सरकारी कार्यालयात गेली.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडले असते. मोठ्या कंपनीने आमच्याकडचे निम्मे काम काढून घेतले. श्रीलक्ष्मी आमच्याच कार्यालयातून फोनवर कुणाशी तरी भांडत होती. "काम काढून घेतलं की याच मुली दुसऱ्या एजंटाच्या हातात जातील. शेड बंद करवा, पण काम ठेवा, असं लिहिलं होतं मी." तिचे कुणी पुरते ऐकले नाही. वसतिगृहाच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. जाताना एक मुलगी वर येऊन म्हणाली, "कार्ड मिळालं, सार. आता ते दाखवून कुठं काम मागू, तेवढं सांगा." कार्डे परत देऊन आपण सगळे नीट केले, असे म्हणायला मला धीर होत नाही.

पुढच्या जूनमध्ये रम्याचे कार्ड सरकारी कार्यालयातून पुन्हा कारखान्याच्याच पत्त्यावर परत आले. एव्हाना मालकांनी फत्तेसिंगरावांना "वय झालं तुमचं" असे सांगून महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. मलाही भंगारात द्यायचे ठरले आहे. तिसऱ्या कप्प्याचा तळ गंजला आहे, आणि आता कुणी तेल घालत नाही. त्याची तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या कपाटाने तुम्हाला काय शिकवावे? वस्तू जपाव्यात, एवढे तुम्ही शाळेत शिकताच. मीही जपले. धूळ लागू दिली नाही, ऊन लागू दिले नाही, आणि मुलींना बाहेर जाऊ दिले नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी दुकान काढेल, कुणी कारखाना, कुणी फत्तेसिंगरावांच्या जागी बसेल. तेव्हा ज्यांच्या हातून तुमचे काम होते त्यांच्याकडे जाऊन पाहा. त्यांचेही काम कुणीतरी करून देत असते, त्याच्याकडेही जा. यादीत नाव नसलेल्या जागेत तर आधी जा. हवे तेव्हा बाहेर जाता येते का, असे त्यांना विचारा. आणि कुणी दोन दिवस मागितले, तर उत्तर त्याच दिवशी द्या.

शेवटच्या दिवशी फत्तेसिंगराव सकाळी लवकर आले. त्यांनी आवकचे रजिस्टर उघडले. रम्याचे पत्र टपालाने न येता हातोहात आलेले, म्हणून त्याला कधी नंबरच पडला नव्हता. त्यांनी सोळा महिन्यांपूर्वीची तारीख घालून त्याची नोंद केली. मग कन्नडमध्ये उत्तर लिहिले. चार कागद फाडले. पाचवा असा होता:

"रम्या, तुझे पत्र मला मिळाले होते आणि मी त्याच दिवशी वाचले होते. उत्तर 'हो, जा' एवढेच होते. ते द्यायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. लागते, असे मी स्वतःला सांगत राहिलो. तुझे कार्ड सोबत आहे. यशस्विनीच्या हेडमास्तरांसाठी वेगळा कागद जोडला आहे. ती शाळा बुडवून भटकत नव्हती, वयाचा खोटा कागद माझ्या डोळ्यांसमोर घेतला गेला, असे त्यात सहीनिशी लिहिले आहे. तो कुणालाही दाखवा. क्षमा मागायची माझी लायकी आहे की नाही, मला कळत नाही. फत्तेसिंगराव."

तेवढ्यात श्रीलक्ष्मी आली. त्या दिवशी तिला सरगूरच्या बाजूलाच जायचे होते. "द्या, काका, मी हातात नेऊन देते," ती म्हणाली. "नाहीतर चला की माझ्याबरोबर."

"नको, बाई. तिच्यासमोर उभं राहायला मला जमायचं नाही." मग ते म्हणाले, "आणि तू दिलंस की तिला तुझ्यासमोर वाचावं लागेल. टपालानं गेलं तर वाचेल, नाहीतर चुलीत घालेल. तिचं ती ठरवेल."

त्यांनी जावकच्या रजिस्टरात नंबर घातला, पाकीट चिकटवले, दोनदा दाबून पाहिले आणि ते बाहेर पडले. फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे टपाल कार्यालय आहे. खिडकीतून ते मला रांगेत दिसत होते, पुढे चार माणसे. एकदा ते रांगेतून बाहेर आले. पुन्हा मागे जाऊन उभे राहिले. मग खिडकीशी पोचले, आणि आतल्या माणसाने पाकीट वजनकाट्यावर ठेवले, त्यावर शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकले.